बिराजदार आप्पा आणि घोडा नसलेलं पिस्तूल

लग्नाला जाताना लोक आहेर घेऊन जातात. बिराजदार आप्पा खुर्ची घेऊन जातात.

खुर्ची लोखंडी आहे, घडीची, हिरवा रंग बराचसा उडालेली. आप्पा ती डाव्या काखेत मारतात आणि उजव्या मुठीत अक्षता धरतात. मंगल कार्यालयात खुर्च्यांना तोटा नसतो, पण त्या प्लास्टिकच्या असतात. "बसलं की खालनं हलतंय गं," आप्पा म्हणतात. "माणसानं बसायचं का पोहायचं?" सुरुवातीला लोक हसले. आता पंगतीत वाढपी आधी आप्पांची खुर्ची कुठे आहे ते बघतात आणि मग बुंदीचं भांडं तिकडे वळवतात. एकदा एका मॅनेजरनं निघताना त्यांना दारात अडवलं, कार्यालयाची खुर्ची पळवतायत म्हणून. आप्पांनी खुर्ची उलटी केली आणि बुडाशी ठोकलेला नंबर दाखवला. चार. आप्पांच्या घरातल्या प्रत्येक धातूच्या वस्तूवर नंबर आहे. खुर्ची चार, कढई अकरा, अडकित्ता सतरा. त्यांची मुलगी नंदा माझी शाळेतली मैत्रीण. ती म्हणते, "लहानपणी आंघोळ करताना मी अंगावर नंबर शोधायची."

आप्पा आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. मूळचे कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीचे. देवाशी आणि मुलीशी ते कानडीत बोलतात, बाकी जगाशी मराठीत. मुलीशी भांडण झालं तर तेही मराठीत, म्हणजे गल्लीला नीट कळावं.

नोकरी पोलीस खात्यात, आर्मररची. स्वतः ते "हत्यारांचा मिस्त्री" म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी पिस्तुलं आणि रायफली उघडल्या, पुसल्या, जोडल्या आणि कपाटात लावल्या. या काळात गोळ्या झाडल्या त्या फक्त तपासणीसाठी, वाळूच्या पोत्यावर. "त्या पोत्याचं आणि माझं काय वैर नव्हतं," असं ते आजही गंभीरपणे सांगतात. शस्त्रागारात त्यांचा एकच नियम होता: "रजिस्टरवर सही न्हाय, तर हत्यार न्हाय. बाप आला तरी न्हाय." एकदा एका मोठ्या साहेबांनी फोटो काढण्यापुरतं पिस्तूल मागितलं. आप्पांनी रजिस्टर पुढे केलं. साहेब म्हणाले, सही कशाला, दोन मिनिटांचं काम आहे. आप्पांनी कपाटाला कुलूप लावलं आणि साहेबांना चहा विचारला.

माझं आणि आप्पांचं तत्त्वतः जमणं शक्य नाही. शस्त्र या वस्तूलाच माझा विरोध आहे. ज्या समाजाला आपली माणसं शांत ठेवायला पिस्तूल लागतं, त्या समाजानं आधी आपली लाज तपासावी असं माझं मत आहे, आणि ते मी छापूनही वाटलं आहे. त्या पत्रकाची पहिली प्रत मी आप्पांना नेऊन दिली, कारण विरोधकाला तोंडावर सांगावं, अशी आमच्या घरची शिकवण. आप्पांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या. मग पत्रक तळहातावर ठेवून वरखाली केलं.

"मजकूर चांगला हाय," ते म्हणाले. "पण कागद हलका हाय की गं. वाऱ्यानं उडंल. जाड कागदावर छाप."

वस्तू तळहातावर जोखून बघणं ही त्यांची जुनी सवय. वांगी जोखतात, देवाचा नारळ जोखतात, लग्नपत्रिकाही जोखतात. हातात घेतल्यावर हातात काहीतरी आहे असं कळलं पाहिजे, हे त्यांचं जगाकडे एकमेव मागणं. त्यामुळे आमच्या गल्लीत पाणी साठवायला घरोघरी निळी पिंपं आली तरी आप्पांकडे सात पितळी घागरी आहेत. नळ आला की आप्पा त्या सातही भरतात आणि दुसऱ्या दिवशी पाठीला तेल लावून उन्हात बसतात. पिंप घ्या म्हटलं तर म्हणतात, "पाठ दुखतीय ती माझी. घागरीचं काय चुकलं?"

पण घागर, खुर्ची ही सगळी शाखा. मूळ झाड पिस्तुलाचं.

आप्पांच्या नोकरीच्या शेवटच्या काळात शस्त्रागारात नव्या पिस्तुलांची पेटी आली. वरची सरकती स्लाइड आणि नळी लोखंडाचीच, पण खालचा सांगाडा, म्हणजे जो हातात धरायचा तो भाग, पॉलिमरचा, एक प्रकारच्या प्लास्टिकचा. आप्पांनी त्यातलं एक उचललं, तळहातावर जोखलं आणि विचारलं, "बाकीचं मागनं येतंय का?"

बाकीचं काही येणार नव्हतं. पिस्तूल एवढंच होतं.

त्या दिवसापासून आप्पांना जो श्रोता मिळेल त्याला ते दोन्ही पिस्तुलांमधला फरक समजावतात. मी तो इतक्या वेळा ऐकला आहे की शस्त्रविरोधी चळवळीत माझ्याइतकी माहिती कुणाला नसेल. लोखंडी पिस्तुलाचं वजन मुठीत बसतं, त्यामुळे गोळी सुटल्यावर त्याचं नाक वर उडत नाही. त्याला कानस मारता येते. मुठीच्या लाकडी फळ्या झिजल्या तर नव्या बसवता येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याला मागे घोडा असतो, चाप ओढला की आपटणारा.

"घोडा मागं वढलेला असला की पिस्तूल जागं हाय," आप्पा हाताचं बोट आकड्यासारखं वाकवून दाखवतात. "पुढं असला की झोपलंय. लांबनं बघून कळतंय. ह्या नव्याला बाहेरनं घोडाच न्हाय! सगळं पोटात. जागं हाय का झोपलंय, बरं हाय का न्हाय, कसं वळखायचं?"

यात त्यांचा एक मुद्दा असा आहे, जो मला सुरुवातीला निव्वळ थाप वाटला होता. आप्पा म्हणतात, लोखंडावर माणूस उमटतो. जुन्या पिस्तुलांवर काळा-निळा मुलामा असतो. रोज धरून तो हाताच्या ठिकाणी झिजतो आणि खालचं पांढरं लोखंड दिसू लागतं. आप्पांना नंबर न बघता त्या झिजेवरून सांगता यायचं, की हे पिस्तूल कुणाकडे असतं. एका जमादाराच्या पिस्तुलाची झीज हळूहळू एका अंगाला सरकली, तेव्हा आप्पांनी त्याला विचारलं, "अंगठा दुखतोय काय?" जमादार चकित झाला. त्यानं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. दुसरा एक जण हत्यार जमा करताना स्लाइड ओढायचा, तो आवाज आप्पा पाठमोरे ऐकायचे आणि म्हणायचे, "रात्री झोप न्हाय झाली तुमची. जावा, च्या घ्या."

"प्लास्टिक दहा वर्सं धरा, नव्यासारखं," आप्पा म्हणतात. "कोण धरतंय, कसं धरतंय, काय म्हंजे काय उमटत न्हाय. असलं हत्यार काय कामाचं?"

आप्पा निवृत्त झाले. वर्षभरानं काकू, म्हणजे नंदाची आई, गेल्या. त्यानंतर नंदा परीक्षा देऊन फौजदार झाली आणि मराठवाड्यातल्या एका तालुक्याला रुजू झाली. आप्पांनी गल्लीत पेढे वाटले, स्टीलच्या डब्यातून. चौथ्या दिवशी नंदाचा फोन आला. तिला पिस्तूल मिळालं होतं.

"कसलं?" आप्पांनी विचारलं.

नंदानं सांगितलं. भिंतीपलीकडे माझ्या घरात मला कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सात वाजता फोन सुरू झाला. आप्पा फोन कानाला लावत नाहीत, समोर घागरीला टेकवून ठेवतात आणि ओरडतात. त्यामुळे तो मीही ऐकते.

"बरी हायस का?"

"बरं आहे, आप्पा."

"जेवलीस?"

"जेवले."

इथे कौटुंबिक भाग संपतो.

"ते प्लास्टिक बदलून मागितलंस का?"

"आप्पा, ते मागता येत नाही. भाजी आहे का ती?"

"अगं, मुठीत वजन नगं का?"

"बारा-बारा तास कंबरेला बांधून उभं राहा, मग वजनाचं कौतुक सांगा. माझी कंबर आहे, कपाट नाही. आणि तुमचं ते लोखंड उन्हात धरून बघा एकदा, कडक भाकरी भाजून निघंल त्याच्यावर. घामानं गंजतं ते वेगळंच."

"गंजतंय म्हंजे तेल मागतंय! मागणारं बरं की गं. ह्याला काय झालं तर हे सांगणार हाय का?"

"त्याला काही होत नाही, आप्पा. मलाही काही होत नाही. ठेवते."

असं सहा महिने चाललं. भांडण असल्यामुळे सगळं मराठीत. नंदाची उत्तरं छोटी होत गेली. शेवटी "बरं आहे" आणि "ठेवते" यांच्यामध्ये फक्त आप्पा उरले.

मग एका सकाळी आप्पा माझ्याकडे आले. हातात एक कोरा, जाड कागद होता.

"अर्ज लिहायचाय," ते म्हणाले. "तुझी भाषा कडक हाय. वरती पाठवायचाय. समद्यांना लोखंडी पिस्तूल द्या म्हणून."

मी त्यांना माझी भूमिका सांगितली. मी म्हणाले, आप्पा, मी सगळ्या पिस्तुलांच्या विरोधात आहे.

"मंग निम्मं काम झालंच की," आप्पा म्हणाले. "निम्म्यांच्या इरोधात लिही."

मी लिहायला गेले. त्यांच्या घरी बसण्याजोगी खुर्ची एकच, नंबर चार, म्हणून मी आमचं लाल प्लास्टिकचं स्टूल सोबत नेलं. आप्पांनी ते उंबऱ्याबाहेर अंगणात ठेवायला लावलं, चपलांच्या शेजारी. त्यामुळे मी अंगणात बसून लिहिलं आणि आप्पांनी आतून, खुर्चीवरून सांगितलं. अर्ज चांगला झाला, हे मला मान्य करावं लागेल. मुद्दा एक, वजन. मुद्दा दोन, कानस. मुद्दा तीन, घोडा दृश्य असणे. सहा मुद्दे झाले. सातव्याला आप्पा थांबले.

"सात. सदरचे पिस्तूल ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या घरच्यांना..." ते म्हणाले.

"घरच्यांना काय, आप्पा?"

"खोड ते. अर्जात घरचं लिहायचं नसतंय."

मी खोडलं. पण जाड कागदावर खोडलेलं दिसतं, म्हणून आप्पांनी सगळा अर्ज पुन्हा लिहायला लावला. सही करून तो त्यांनी देवाजवळ ठेवला. नंदाला दाखवून मग पाठवायचा असं ठरलं. नंदा फोनवर एवढंच म्हणाली, "तो अर्ज पाठवलात तर मला सगळ्या ठाण्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. पाठवा." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सात वाजता तिनं फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: बरं आहे. कामात आहे.

आप्पांनी तो मेसेज मला दाखवला. मग फोन तळहातावर ठेवून वरखाली केला.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात. शेतकऱ्याचं हत्यार वेगळं, सुताराचं वेगळं, ज्याचं पोट ज्यावर चालतं ते त्याचं हत्यार. आप्पांनी टॉवेल अंथरून त्यावर पाट मांडला होता. पाटावर चार पेचकस, हातोडी, दोन कानशी आणि नळी पुसायची पितळी काडी. शेजारी खुर्ची, गळ्यात झेंडूची माळ घालून.

"तुझं हत्यार आण," त्यांनी मला सांगितलं.

मी म्हणाले, माझा यावर विश्वास नाही.

"इश्वास कोण मागतंय? पेन आण."

मी पेन आणलं. आप्पांनी ते जोखलं. पेन अर्थात प्लास्टिकचं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, उसासा टाकला आणि त्याला कुंकू लावलं, पण पाटाच्या अगदी कडेला ठेवलं. पाटाच्या मधोमध मात्र वीतभर जागा मोकळी होती.

दहाच्या सुमाराला दारात जीप थांबली. नंदा वर्दीत उतरली. शहरात बंदोबस्ताला तिच्याकडची तुकडी आली होती आणि हजर होण्याआधी तिच्याकडे एक तास होता. अर्ज देवाजवळ होता, तो तिला दिसला. पाटावरची मोकळी जागाही दिसली. तिचा हात कंबरेवर गेला.

"आप्पा, हे पाटावर ठेवता येणार नाही."

"मी मागितलंय व्हय?"

"तुमच्या डोळ्यांनी मागताय. तुमच्या हातातही देता येणार नाही. तुम्ही आता खात्यात नाही."

आप्पांनी पाटावरची मोकळी जागा हातानं पुसली.

"रजिस्टरवर सही नाही, तर हत्यार नाही," नंदा म्हणाली. तिनं एक क्षण थांबून पुढचंही म्हटलं, वडिलांच्याच बोलीत. "बाप आला तरी न्हाय."

मला वाटलं, आता गल्लीला ऐकू जाईल असं काहीतरी होणार. पण आप्पांनी मान हलवली. एखाद्या परीक्षकानं हलवावी तशी.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "मंग तूच धर. मोकळं करून एकदा आवाज ऐकीव. त्याला काय सही लागत न्हाय."

नंदा अंगणात भिंतीच्या कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. मॅगझीन काढून खिशात टाकलं, आतली गोळीची जागा रिकामी असल्याची खात्री केली आणि ती आप्पांना लांबून दाखवली. आप्पा उंबऱ्यात आले. डोळे मिटले. अंगणात मी, नंदा, अर्जाच्या दिवसापासून तिथेच राहिलेलं लाल स्टूल आणि चपला. नंदानं डाव्या हातानं स्लाइड मागे ओढून सोडली. खट् असा आवाज झाला.

"परत."

खट्.

"अजून एकदा."

तिसऱ्या वेळी मलाही तो आवाज जरा वेगळा वाटला, मऊ, अर्ध्यातून परतल्यासारखा. नंदानं पिस्तूल पुन्हा भरून कंबरेला लावलं. आप्पांनी डोळे उघडले.

"पिस्तूल चांगलं हाय," ते म्हणाले.

सहा महिन्यांत पहिल्यांदा नंदाच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू आलं. तिनं माझ्याकडे बघितलं, साक्षीदाराकडे बघतात तसं.

"तू बरी न्हाईस," आप्पा म्हणाले.

हसू तसंच राहिलं, पण मागून कुणी दिवा काढून न्यावा तसं झालं.

"तिन्ही वेळा स्लाइड पुरती मागं आली न्हाय. डावं मनगट. आणि दुसऱ्या वेळेपासनं श्वास वर."

"मुरगळलंय. गर्दीत एकानं ढकललं," नंदा म्हणाली. "पंधरा दिवस झाले. दाखवलंय डॉक्टरला."

"आणि झोप?"

नंदानं जीपकडे बघितलं. रस्त्यावर जीपचा ड्रायव्हर कुणाशी तरी फोनवर बोलत होता.

"फोनवर बरं हाय म्हणालीस."

"तुम्ही पिस्तुलाचंच विचारायचा, आप्पा."

आप्पा आत गेले. मला वाटलं, रागावले. ते खुर्ची घेऊन बाहेर आले. खुर्चीच्या गळ्यातली झेंडूची माळ त्यांनी आतच हातोडीवर काढून ठेवली होती. अंगणात त्यांनी खुर्ची उघडून मांडली.

"बा, कूड्रु," ते म्हणाले.

सहा महिन्यांनी कानडी ऐकून नंदा मुकाट्यानं येऊन बसली. आप्पा पुन्हा आत गेले. वाटीत तेल गरम करून आणलं, जुन्या बनियनची फाडलेली पट्टी आणली. पिस्तूल पुसायला ते तीच वापरायचे, हे मला माहीत होतं. ही मात्र धुऊन घडी करून ठेवलेली होती. त्यांनी तिचा डावा हात आपल्या तळहातावर घेतला. वरखाली केला नाही. नुसता धरला.

"नोवु ऐतेनु?"

"हौदु," नंदा म्हणाली. हो, दुखतंय. आणि मग ती वर्दीतली फौजदार, नंबर चारच्या खुर्चीवर बसून, आठ-दहा वर्षांच्या पोरीसारखी नाक ओढायला लागली. मी दारातून दिसणाऱ्या पाटावरच्या पेचकसांकडे बघत राहिले.

उभं राहून, वाकून मनगट चोळायला आप्पांच्या पाठीला जमेना. त्यांनी नजर तिच्या हातावरून न हलवता पायानं शेजारचं काहीतरी ओढलं आणि त्यावर बसले. अंगठ्यानं, हळूहळू, हाडाच्या कडेनं ते तेल जिरवत राहिले. मध्येच काहीतरी कानडीत पुटपुटत होते. मला त्यातलं फक्त "ऊटा" कळलं, म्हणजे जेवणाचं चाललं होतं.

बराच वेळ ते तसे बसून होते. खाली आमचं लाल प्लास्टिकचं स्टूल होतं. ते हलतही होतं.

मी कुठल्याही प्रश्नावर गप्प बसत नाही. त्या स्टुलाबद्दल मात्र मी आप्पांना आजवर काही बोललेले नाही.